मागचं फाटक

शाळेचं फाटक जागेवर नव्हतं.

परवाना खात्याच्या निरीक्षक बाई टेपची गुंडाळी हातात घेऊन रस्त्यातच थबकल्या. मागच्या खेपेला इथं लोखंडी फाटक होतं आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर, बारचा दरवाजा. त्याच कारणानं त्यांनी बारच्या परवान्याचा अर्ज फेटाळला होता. आता फाटकाच्या जागी विटांची भिंत उभी होती. वर कोरा करकरीत गिलावा, आणि गिलाव्यावर रंगवलेली फुलपाखरं.

"या मॅडम!" बारमालक पायऱ्या उतरून आला. "मोजा आता. शाळेच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत, पायी जायच्या वाटेनं. नियम तुमचाच आहे."

या माणसाला बाई पुरत्या ओळखून होत्या. गिऱ्हाइकाला बसवून पाजायचा कायमचा परवाना मिळेना, तेव्हा त्यानं समारंभाचे एकेका दिवसाचे परवाने काढायचा सपाटा लावला होता. अशा परवान्यांना शाळेपासूनच्या अंतराची अट नव्हती. एका वर्षात त्याच्या मेव्हण्याचे चार वाढदिवस झाले, तेव्हा कुठं बाईंनी तोही मार्ग बंद केला.

"फाटक कुठं गेलं?"

"मागच्या बाजूला घेतलं," उत्तर मुख्याध्यापकांनी दिलं. ते मालकाच्या पाठोपाठ बारमधूनच बाहेर आले होते. "पुढं गाड्यांची वर्दळ फार. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता."

"दाखवा," बाई म्हणाल्या.

तिघं वळसा घालून मागच्या गल्लीत आले. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला मटणाच्या दुकानांची मागची दारं. मधून उघडं गटार, त्यात आतड्यांचे पांढुरके तुकडे अडकलेले. माशा इतक्या, की त्यांचा आवाज आधी ऐकू आला आणि वास नंतर. गटारावर एक फळी टाकली होती. फळीच्या पलीकडं हिरवा रंग दिलेलं अरुंद दार. हेच नवं फाटक.

मालक गल्लीच्या तोंडाशीच थांबला. "तुम्ही व्हा पुढं. मी इथं आहे."

"टेपचं दुसरं टोक कोण धरणार? माझा शिपाई रजेवर आहे."

"सर आहेत की."

मुख्याध्यापकांनी आपल्या बुटांकडं पाहिलं.

"अर्ज कुणाचा आहे?" बाईंनी टेपचं टोक मालकाच्या हातात कोंबलं. "फळीवरून जा आणि दाराला टेकवून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

तो गेला. फळी त्याच्या वजनानं वाकली आणि खालचं पाणी वर आलं. दाराशी पोचल्यावर त्यानं रुमाल तोंडावर दाबला, तरी त्याला उमासे यायला लागले. बाईंनी टेप सावकाश सोडला. मुद्दाम. खूण केली, पुन्हा टोक धरायला लावलं, पुन्हा खूण. वास त्यांनाही सोसवत नव्हता, पण त्याच्यादेखत नाकाला पदर लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

गल्ली, कोपरा, बाजाराची बाजू, पुन्हा रस्ता. बारच्या दाराशी शेवटची खूण झाली. अंतर भरलं. नुसतं भरलं नाही, वर उरलं.

मालकानं पायरीवर बूट घासले. "घ्या मॅडम. झालं ना?"

"फाटक परवान्यासाठी हलवलंय, असं मी अहवालात लिहिणार आहे."

"लिहा की! नियम फाटकापासून मोजायला सांगतो. फाटक कुठं असावं, ते सांगत नाही."

बाई मुख्याध्यापकांकडं वळल्या. "सर, तुम्ही तरी?"

मुख्याध्यापकांचा एवढा वेळ हसरा ठेवलेला चेहरा पहिल्यांदा उतरला. "मुलींना स्वच्छतागृह नव्हतं, बाई. मोठ्या मुली शाळा सोडून जायच्या. किती अर्ज केले, कुणी दाद दिली नाही. यांनी महिन्यात बांधून दिलं. नळाला पाणी आहे, दाराला कडी आहे. येता बघायला?"

बाई थेट बारमध्ये शिरल्या. त्यांनी बारच्याच टेबलावर कागद ठेवला, मोजलेलं अंतर लिहिलं, खाली फाटक हलवल्याचा शेरा लिहिला. वरचे साहेब आकडा बघतील, शेरा वाचणार नाहीत, हे मालकाला ठाऊक होतं, मुख्याध्यापकांना ठाऊक होतं, आणि सही करताना बाईंनाही ठाऊक होतं. मालकानं पुढं केलेलं थंडगार सरबत त्यांनी हातानं दूर सारलं.

त्या बाहेर पडल्या. बसथांब्याचा रस्ता त्या गल्लीवरूनच जात होता. तेवढ्यात शाळा सुटली.

हिरवं दार उघडलं आणि मुलं एकामागून एक फळीवर आली. कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. फळी कुठं वाकते ते सगळ्यांना माहीत होतं. तिथं प्रत्येकानं नेमकी उडी मारली. शाळेतून सुटलेली इतकी गप्प मुलं बाईंनी कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाचे गाल फुगलेले.

गल्लीच्या तोंडाशी येऊन एका चिमुरडीनं दम सोडला. नाकावर पदर धरून उभ्या असलेल्या बाई तिला दिसल्या. तिला त्यांची दया आली असावी.

"तसं नाही, बाई," ती म्हणाली. "आत शिरायच्या आधीच श्वास कोंडायचा. आम्हाला सरांनी शिकवलंय. रोज प्रार्थना झाली की सराव घेतात."