अनुभवाचा रकाना

"मॅडम, तुमचा प्रोग्रॅम गंडलाय," भरतीचे साहेब बोटं चाटत म्हणाले. "मी क्लिक करतो अनुभवावर आणि हा दाखवतो लग्न."

अर्ज केलेल्या बायकांची माहिती रकाने पाडून एकेका ओळीत होती: नाव, शिक्षण, अनुभव, लग्न. साहेब कोणता रकाना बघून निवड करतात ते मालकांना कळावं, म्हणून क्लिक केलेल्या रकान्याचं नाव दाखवणारा तो प्रोग्रॅम मी लिहिला होता.

"करून दाखवा बरं."

त्यांनी चिकट हाताने माउस धरला आणि सवयीने थेट शेवटच्या रकान्यातल्या 'अविवाहित'वर क्लिक केलं. मग खालच्या 'अविवाहित'वर.

आपण लग्नाच्याच रकान्यावर क्लिक करतोय, हे त्यांच्याही लक्षात आलं. आता तरी ओशाळतील, असं वाटलं.

"प्रोग्रॅम राहू दे," ते म्हणाले. "त्या रकान्याचं नाव तेवढं 'अनुभव' करून टाका."