आवक खिडकी

न्यायालय सरकारचा हात धरू शकतं, असं राज्यघटनेत लिहिलं आहे. प्रत्यक्षात तो हात कचेरीच्या आवक खिडकीवर धरला जातो, कागदावर पोचेचा शिक्का बसला की.

साडेअकराला बेलिफ वस्ती पाडण्यावरची स्थगिती घेऊन खिडकीवर आला. बुलडोझर बाराला चालू होणार होते. बातमी कळताच साहेब केबिनमधून स्वतः चालत आले, एरवी ते घंटी वाजवतात.

"भाऊसाहेब, आज जरा लवकर जेवून घ्या. कागद काही पळून जात नाही."

"वस्तीही कुठे पळून जाते, साहेब," कारकून म्हणाला आणि त्याने शिक्का मारून खाली वेळ लिहिली. अकरा पस्तीस.

साहेब ओल्या शाईकडे पाहत राहिले. "तुमचं घर आहे का हो तिथं?"

"नाही. आमचं याआधीच्या वस्तीत होतं, मी नववीत असताना पाडलं." त्याने पोच बेलिफाच्या हातात दिली. "तेव्हाही स्थगिती वेळेवर आली होती. या खिडकीवरचे भाऊसाहेब तेवढे जेवायला गेले होते."