घोरपड

सहदेवने सलामीला हात पुढे केला आणि त्याच हाताने भिवाजीच्या कानशिलात ठेवून दिली.

कोलशेतच्या जत्रेतली ती शेवटची, मानाची कुस्ती. एकशे दहा किलोचा भिवाजी दोन पावलं मागे गेला. कानातून रक्त आलं. पंच दामाजी शिट्टी फुंकत मध्ये घुसला. "ए सहदेव! ही कुस्ती हाय, मारामारी नाय. परत हात उचललास तर बाहेर काढीन."

"ऱ्हाऊ दे, दामाजी," भिवाजी म्हणाला. "खेलू दे त्याला."

आखाड्याच्या कडेला पदर खोचून सगुणा उभी होती, सहदेवची आई. शेजारी लाकडी खुर्चीत तिचा नवरा गोमाजी. पडू नये म्हणून त्याला धोतराने खुर्चीला बांधलेलं. त्र्याऐंशी साली याच मातीत भिवाजीने त्याला खांद्यावरून आपटलं आणि त्याची मान मोडली. तेव्हापासून गळ्याखालचं काहीच हलत नव्हतं. तेरा वर्षं सगुणा त्याला भरवत होती, धूत होती, आणि पोराला रोज एकच गोष्ट सांगत होती. आज डोंबिवलीहून टेम्पोत घालून तिने नवऱ्याला आणलं, ते ती गोष्ट पुरी झालेली बघायला.

"मोड त्याची मान!" ती ओरडली. "त्याची बायकोपन बसू दे जलमभर भरवत!"

आता भिवाजीचं म्हणाल तर तो पूर्वीचा भिवाजी राहिलाच नव्हता. तरणा होता तेव्हा काय खेळायचा बुवा! हात लावला न लावला की समोरचा खांद्यावर, आणि खांद्यावरून थेट मातीत. कलाजंग म्हणतात त्या डावाला. दोन मिनिटांत खेळ खलास. आणि आता? कमरेला मिठी मारायची, खाली बसवायचं, अंगावर पडून राहायचं. पंधरा पंधरा मिनिटं. मग हळूच लोळवून पाठ टेकवायची, आणि लोळवताना आपला एक पंजा त्याच्या मानेखाली. बघणारे कंटाळून शेंगा खायला जायचे. लोकांनी त्याचं नावच घोरपड ठेवलं. "गुडघे गेले म्हाताऱ्याचे," असं जो तो म्हणे. मानेखालचा पंजा दिसला की पोरं बोंबलायची, "अरे पाळणा म्हणा रे, बाळ झोपलं!" भिवाजी कुणाला उत्तर देत नसे. पण हरतही नसे. म्हणून देवीच्या पालखीला पहिला खांदा दर वर्षी त्याचाच. ज्या दिवशी पाठ लागेल त्या दिवशी लंगोट खुंटीला, असं त्याने देवीसमोर सांगून ठेवलं होतं.

सहदेव बावीस वर्षांचा. खोपटच्या डेपोत एसटीची चाकं उचलून त्याचे दंड मांडीएवढे झाले होते. भिवाजीने कमरेला मिठी मारली तसं त्याने कोपर खाली आणलं, पाठीच्या कण्यावर. एकदा, दोनदा, तीनदा. मिठी सुटेना. मग त्याने भिवाजीच्या नाकावर डोकं हाणलं. नाक फुटल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला. दोघांच्या छात्या रक्ताने माखल्या, त्यावर माती बसली. सहदेवने डोळ्यात अंगठा खुपसला. दामाजीची शिट्टी कोण ऐकतंय! लोक उभे राहून किंचाळत होते. इतकी वर्षं त्यांना हेच तर हवं होतं.

एका डोळ्याने आंधळा झालेल्या भिवाजीची पकड क्षणभर ढिली पडली. सहदेव खाली वाकला, त्याच्या मांडीत हात घातला आणि तो अख्खा डोंगर खांद्यावर घेतला. कलाजंग! बापाला ज्या डावाने आपटलं तोच डाव. सगुणाने तोंडावर हात ठेवला.

पण एकशे दहा किलो म्हणजे एसटीचं चाक नव्हे. सहदेवचा गुडघा वाकला, तोल मागे गेला. तो उताणा कोसळू लागला, मानेवर, आणि वर भिवाजीचं सगळं ओझं. भिवाजीला आता काहीएक करायची गरज नव्हती. नुसतं अंग सैल सोडायचं. पाठ सहदेवची लागणार, खांदा पुन्हा आपलाच.

भिवाजीने हवेतच अंग फिरवलं, बाजूला झोकून दिलं. आधी त्याची स्वतःची पाठ धाडकन मातीवर आदळली. त्याचा उजवा हात सहदेवच्या मानेखाली गेला होता. त्या हातावर सहदेव पडला. कोपराचं हाड कट्कन मोडलं.

"चीतपट!" दामाजी ओरडला.

हलगी कडाडली. लोकांनी सहदेवला उचलून घेतलं. "घोरपड पडली रे पडली!" अशी आरोळी उठली. सगुणाने पोराच्या डोक्यावर गुलाल रिकामा केला आणि ती ढसाढसा रडली. भिवाजी मातीत बसून होता. लोंबणारा हात मांडीवर घेऊन तो एका डोळ्याने सहदेवकडे बघत होता, मान इकडून तिकडे नीट वळतेय का ते.

सहदेव धावत खुर्चीपाशी आला, बापाच्या पायाशी बसला. "बाबा, पाडला त्याला! याच मातीत पाडला!"

गोमाजी त्याच्याकडे बघत नव्हता. तो भिवाजीकडे बघत होता.

"पडलास तवा तुज्या मानेखाली काय होतं?"

सहदेवचा हात आपोआप मानेकडे गेला. "त्याचा हात. खोड हाय ती म्हाताऱ्याची, सगल्यांनाच ठावं हाय."

गोमाजीचे डोळे भरून आले. पुसायला हात उठत नव्हते, म्हणून ते तसेच वाहू लागले.

"खोड नाय ती, पोरा," तो म्हणाला. "त्र्याऐंशी साली त्याला हा डाव येत नव्हता."