हातावरचा हात

सायलीला आजोबांची जीप चालवायची होती, पण गिअरचा नॉब तडकून इतका खडबडीत झाला होता, की तळहात सोलून निघायचा. बाप म्हणाला, "जमत नसंल तर इकून टाकू जीप." तिच्या आजीला, सत्यभामाबाईंना, ती विकू द्यायची नव्हती. म्हणून त्या नातीला घेऊन तेलगावच्या दुकानात आली.

दुकानदाराने चामड्याचे, स्टीलचे, लाकडी नॉब मांडले.

"मावशी, गाडी तुमी चालिवता का?"

"चालिवली असती. कुणी शिकिवलं न्हाई."

बोलता बोलता त्यांनी एक काळा, गोल नॉब उचलला आणि त्या थबकल्या. तो कोमट होता, कुणी आत्ताच हात काढून घ्यावा तसा.

"उन्हात ठिवलता का रं ह्यो?"

"न्हाई मावशी, तुमच्यासमोर तर खोक्यातून काढला."

सायलीने तो मुठीत धरला. "आजी, लई आरामाचा हाय. ह्योच घेऊ."

नवा नॉब बसवला. जुना दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून सत्यभामाबाई जीप चालवणाऱ्या सायलीच्या शेजारी बसल्या. नव्या संसारात त्या अशाच बसायच्या आणि गिअरवरच्या नवऱ्याच्या हातावर हळूच हात ठेवायच्या. "बांगड्या टोचायल्यात," म्हणत ते हसायचे. ते गेले तेव्हापासून मनगटं मोकळीच होती.

जीप दिंद्रुडच्या रस्त्याला लागली. गिअर लोण्यासारखे पडत होते. जरा वेळाने समोरून नजर न काढता सायली म्हणाली,

"आजी, हात काढ ना माझ्या हातावरचा. बांगड्या टोचायल्यात."