कुणी पुढे जायचं नाही

अक्काच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. मोठ्या बहिणीनं विचारलं होतं ते एवढंच, "सध्या काय वाचतोयस? मी एक नवीकोरी कादंबरी मिळवलीय. पण आधी तू सांग." नानांनी दोन-तीनदा कागद पुढे ओढला. नव्या कादंबऱ्यांना त्यांनी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता, आणि जुन्यांबद्दल अक्काला आपण काय सांगणार, असं वाटून दर वेळी पेनाला टोपण लावलं.

आणि आज अक्काचा मुलगा भलंमोठं खोकं घेऊन दारात उभा होता.

"मामा, ही तुमच्याकडे राहू द्या. नको असतील तर रद्दीत घाला." त्यानं खोकं टेबलावर टेकवलं. "आईच्या कपाटात आता मुलांचे कपडे ठेवलेत. घरात जागा कुठंय?"

नानांनी झाकण उघडलं. अक्काच्या कादंबऱ्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

"अक्कानं दिल्या?"

"ती कसली देतेय. आंघोळीला गेली तेवढ्यात भरल्या." भाचा हसला. "तिचे डोळे बघा ना, मामा. डॉक्टर म्हणाले, ताण नको."

"वाचू नका म्हणाले?"

"अगदी तसं नाही. अक्षर मोठं असेल तर वाचा म्हणाले. आता मोठ्या अक्षरात कादंबऱ्या कोण छापतंय? आणि या वयात कुणाचं जमलं नि कुणाचं मोडलं, हव्यात कशाला पंचायती? शेवटी सगळं खोटंच ना ते."

सगळ्यात वरचं पुस्तक नवं होतं. नानांनी ते उचललं. बरोबर मध्यावर केसांची पिन अडकवलेली होती.

"ही तर अर्धीच झालीय."

"कुठली?"

"ही. ही ती वाचत होती."

"असेल."

"असेल?" नानांचा आवाज एवढा चढला की ते स्वतःच दचकले. "जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट उचललंस तू, आणि वर असेल म्हणतोस?"

मामांचा असा आवाज भाच्यानं जन्मात ऐकला नव्हता. तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "अहो, गोष्टीचं पुस्तक आहे ते. औषध नाही काढून घेतलं तिचं. आणि हे बघा, पुस्तकं परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. पार्सल आलं तर मी दारातूनच परत लावीन."

"मग मी तिला..."

"पत्र लिहा की. त्याला कोण नाही म्हणतंय? नानाचं काही आलं का, नानाचं काही आलं का, रोज डोकं खाते माझं. तिला आधी उत्तर द्या मामा, मग मला शिकवा."

भाचा चपला पायात सरकवून निघून गेला. बोलायचं होतं ते नेहमीप्रमाणे गाडी गल्लीबाहेर गेल्यावर सुचलं. हाच गाढव लहानपणी अक्काच्या मांडीवर बसून 'पुढे काय झालं, पुढे काय झालं' म्हणून भोकाड पसरायचा. तेव्हा बरं सगळं खोटं नव्हतं.

ते तणतणतच खिडकीशी बसले आणि त्यांनी कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. नायिका पेट्रोल पंपावर कामाला होती. हल्लीच्या लिहिणाऱ्यांना दुसरं काही सापडत नाही का, असं ते पुटपुटले; पण थोड्याच वेळात पुटपुटायचं विसरले. चहा निवून गेला. पिनेपाशी आले तेव्हा पंपाच्या मालकानं तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता.

पान उलटायला बोट पुढे झालं आणि थांबलं. लहानपणी दोघांत पुस्तक एकच असायचं. अक्काचं पान नेहमी आधी वाचून व्हायचं. पण नाना 'झालं' म्हणेपर्यंत ती त्यावर तळहात दाबून धरायची. कुणी पुढे जायचं नाही, हा तिनंच घालून दिलेला नियम होता.

नानांनी खणातून जाड टोकाचं पेन काढलं. कोऱ्या कागदावर बोराएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'प्रिय अक्का, सध्या हे वाचतोय.' आणि त्याखाली पिनेनंतरचं पहिलं वाक्य उतरवलं. मग दुसरं. एक वाचायचं, ते लिहायचं, मगच पुढच्याकडे बघायचं. एका ओळीत चार-पाचच शब्द मावत होते. राग मनगटात उतरला होता. दोनदा कागद फाटला, दोनदा त्यांनी तो पुन्हा लिहिला. अंधार पडायला आला तशी बोटं आखडली. गोष्टीत नायिकेच्या घराची बेल वाजली होती. तिथे त्यांनी 'तुझा नाना' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंनी फुगलेलं पाकीट काट्यावर ठेवलं.

"आजोबा, कोर्टाचे कागद आहेत का? रजिस्टर करू?"

"नाही, पत्र आहे."

"एवढं जाड?"

"उत्तर द्यायला उशीर झाला," नाना म्हणाले.

बाईंनी तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. घरी टेबलावर कादंबरी मिटलेली होती. पिन काही पानं पुढे सरकली होती, आणि नायिकेच्या दाराबाहेर कोण उभं आहे हे नानांना अजून माहीत नव्हतं.