मोहाभोवती दोन फेऱ्या

चढाईवर गेलेल्या भोजराजचा दम मध्येच तुटला. कुणी पकडलं नव्हतं, कुणाचा हातही लागला नव्हता. सकाळपासून ही तिसरी वेळ.

"बिड्या ओढून राह्यला काय बे?" गुणाकर गुरुजी खेकसले. रविवारी तिरोडीशी अंतिम सामना होता आणि क्लबाची सारी भिस्त या एका पोरावर होती.

"नाही जी गुरुजी. तुमची शप्पत."

भोजराज वाकून खोकला आणि थुंकला. मातीवर काळाकुट्ट गोळा पडला. त्याने पायाने घाईघाईत माती लोटली, पण गुरुजींनी पाहायचं ते पाहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी खेळणारी पोरं कामासाठी एकेक करून गोंदियाची बस धरायची आणि मैदानावर सातजण जमायची मारामार असे. तेव्हा गुरुजींनीच खदानीच्या ठेकेदाराचे पाय धरले. क्लबातल्या पोरांना गावातच काम द्या म्हणाले. ठेकेदाराने त्यांना मॅंगनीजच्या दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर लावलं. तेव्हापासून एकही पोरगं क्लब सोडून गेलं नाही. गुरुजी हे चारचौघांत छाती फुगवून सांगत.

"कधीपासून हाय हे?"

"दिवाळीपासून. मशीनवरच्या सगळ्याइलेच होते जी."

गुरुजींनी बाकीच्या सहाजणांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही.

तेवढ्यात भोजराजची आई चंपाबाई धाकट्या वसंताला घेऊन आली.

"गुरुजी, मोठ्याचा दम पुरत नाही म्हन्ते. मंग याले घ्या. क्लबात बी अन् मशीनवर बी."

"लहान हाय थो, बाई."

"सोळाचा झाला. क्लबातल्याच पोराले काम भेटते, हे तुमीच तं सांगतलं होतं."

क्लबात शिरायची अट जुनी होती, गुरुजींनीच घातलेली. कबड्डी कबड्डी म्हणत एका दमात मोहाच्या झाडाभोवती दोन फेऱ्या मारायच्या. वसंताने होकाराची वाट पाहिली नाही. चपला काढल्या आणि सुटला.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरी झाली. भोजराज गमछा तोंडावर दाबून भावाकडे पाहत उभा होता.

थांबवावं म्हणून गुरुजींनी शिट्टी तोंडात धरली. फुंक काही निघेना.

"पाहा जी," चंपाबाई कौतुकाने म्हणाली, "चौथी लागली."