नैवेद्याचा दम आलू

"यंदा बाप्पाला साधी बटाट्याची भाजी नको, काजू घालून शाही दम आलू कर," सासूबाईंनी फर्मावलं. दिशाच्या माहेरून, चांदवडहून आलेला कांदा गोणीतच राहिला. नैवेद्याला तो चालत नाही. तिनं काजू वाटले, साय फेटली, बटाटे मंद आचेवर मुरवले. मीठ बघायला चमचा तोंडाशी नेला, तोच सासूबाई ओरडल्या, "अगं, देवाच्या आधी उष्टं करतेस?"

तिनं चमचा खाली ठेवला.

तेवढ्यात तिचा नवरा कुंदन आला आणि त्यानं कढईतला बटाटाच तोंडात टाकला.

"मीठ बरोबर आहे ना रे?" सासूबाईंनी कौतुकानं विचारलं.

"आई, आता नाही का उष्टं झालं?" दिशा म्हणाली.

"त्याचं कसलं उष्टं? तो घरचाच आहे."